पाय ओले ठेवायचे

शेतावर माणूस किती प्रकारांनी मरू शकतो, हे आमच्या अख्ख्या नॉर्डाल खोऱ्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मी विमा कंपनीत आहे आणि शेतावरच्या अपघातांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. ट्रॅक्टरखाली आलेले, धान्याच्या कोठीत गुदमरलेले, गवताच्या गासडीखाली चेपलेले, सगळे माझी सही घेऊनच पुढे जातात. त्यामुळे इतरांना जिथे हिरवंगार कुरण दिसतं, तिथे मला दावा क्रमांक दिसतो. माझी बायको सॉल्वेग म्हणते, "लेलंड, तुला फिरायला न्यायचं म्हणजे दर वळणावर कुणाचं तरी बारावं-तेरावं ऐकायचं." हे थोडं अन्यायाचं आहे. मी फक्त घडलेलं सांगतो.

तर असा हा मी, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, छातीपर्यंतची रबरी विजार घालून, बर्फासारख्या गार ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. एका काठावर पाल्मर टेस्डाल घडीची खुर्ची टाकून बसला होता. वरच्या अंगाला, मी आणि पूल यांच्यामध्ये, त्याचा वळू पाण्यात उतरला होता. आणि माझ्या हातात गळाची काठी होती, जी मी आदल्या आठवड्यापर्यंत फक्त दुसऱ्यांच्या भिंतीवर टांगलेली बघितली होती. हे कसं झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर लोकांना वाटेल की मी हौसेनं गेलो.

याच्या मुळाशी आमचे सासरेबुवा, थर्मन लोकेन. फेब्रुवारीत पाखरांना दाणे घालायला बाहेर पडले आणि अंगणातल्या बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडून बसले. (मी डिसेंबरातच म्हणालो होतो की त्या पायरीवर मीठ टाका. पण विम्यातल्या माणसाचं कोण ऐकतं?) शस्त्रक्रिया छान झाली. त्यांना गावातल्या शुश्रूषागृहात हलवलं आणि तिथे त्यांनी जेवण सोडलं. रागानं नाही, रुसून नाही. "भूक नाही," एवढंच. सॉल्वेगनं भट्टीत भाजलेली हॉटडिश नेली, लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या नेल्या, दालचिनी घातलेली तांदळाची खीर नेली. दोन घास चिवडायचे आणि खिडकीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, तसं काही बिघडलेलं नाही, पण हे असंच चालू राहिलं तर... आणि वाक्य अर्धवट सोडून निघून गेले. आता मी विम्यातला माणूस. उरलेलं अर्धं वाक्य मला पाठ आहे.

मग एका रविवारी ते आपणहून बोलले.

"ट्राउट मासा असता तर खाल्ला असता."

सॉल्वेग तशीच दुकानात धावली आणि ट्राउट तळून घेऊन आली. सासरेबुवांनी लांबूनच नाक मुरडलं.

"हा तळ्यात वाढवलेला आहे. पोल्ट्रीतल्या कोंबडीसारखा. मला आपल्या ओढ्यातला पाहिजे. टेस्डालच्या कुरणातल्या पुलाच्या खालचा, विलोच्या झाडाखाली बसतो तो. आणि माशीवर पकडलेला. गांडुळावर पकडलेला मला चवीला कळतो."

माशी म्हणजे खोटी माशी. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली. ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला वाटावं, आत्ताच उडून बसली. सासरेबुवांनी आयुष्यभर हेच केलं, मधल्या वेळात गाई राखल्या.

"मी आणते बाबा," सॉल्वेग म्हणाली.

"तू नको. तू आणशीलच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा चमक दिसली, ती माझ्या वाट्याला अशी आली. "विमेवाल्यांना पाठव."

लग्न झाल्यापासून ते मला विमेवालेच म्हणतात. मी हसून काहीतरी कारण सांगणार होतो. थंड पाणी, पाठीची शीर, शनिवारची कामं, तिन्ही तयार होती. पण मी सॉल्वेगकडे बघितलं. ती न घाबरणारी बाई आहे. वादळाचा भोंगा वाजला की मी तळघरात आणि ती पोर्चवर, असा आमचा संसार. तिचा चेहरा त्या दिवशी अगदी लहान मुलीसारखा भेदरलेला होता. मी म्हणालो, "आणतो."

मासे पकडायचा परवाना आमच्याकडे पेट्रोलपंपावर मिळतो, आईस्क्रीमच्या शेजारी. तिथल्या व्हर्नानं माझी उंची विचारली, डोळ्यांचा रंग विचारला, वजन विचारून स्वतःच थोडं वाढवलं आणि मग संगणकाकडे बघत बसली.

"लेलंड, तू मेलेला दाखवतोय."

"कोण दाखवतोय?"

"हा. लेलंड ब्रेके, नॉर्डाल, मयत."

हे माझे काका. आमच्या घराण्यात नावं काटकसरीनं वापरतात. काका गेले तेव्हा त्यांची कागदपत्रं मीच व्यवस्थित भरून पाठवली होती, आणि सरकारनं त्या व्यवस्थितपणाचा लाभ मला दिला.

"व्हर्ना, मी इथे तुझ्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय रे. त्याला दिसत नाहीये ना."

तिनं राजधानीतल्या कचेरीला फोन लावला. मागे दूध आणि बॅटऱ्या घेऊन लोकांची रांग लागली, आणि प्रत्येक जण माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता. शेवटी तिकडच्या बाईनं मला जिवंत केलं. तरी ट्राउटचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो हे व्हर्नाला आठवलं आणि शिक्क्याच्या पानावर मी पुन्हा मेलेला निघालो. मेलेला उठण्याचा सण, ईस्टर, नुकताच होऊन गेला होता म्हणून बरं. रांगेत आमचे पाद्रीही होते, त्यांना या प्रकारात काही नवल वाटलं नाही.

सरावासाठी मी परसात गेलो. काठी मागे न्यायची, थांबायचं, पुढे आणायची. पहिल्या झटक्यात गळ माझ्या टोपीत रुतला. दुसऱ्या झटक्यात शेजारच्या आर्डिस फोसबाईंची पाखरांची दाणेपेटी आमच्या हद्दीत आली. आर्डिसबाई कुंपणापाशी येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "हं. वेगळंच आहे."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या खोऱ्यात 'वेगळंच आहे' यापेक्षा कडक शब्द कुणी वापरत नाही. शेजाऱ्यानं धान्याचं कोठार जाळलं तरी लोक एवढंच म्हणतील. मी काठी गुंडाळून घरात गेलो.

राहिलेली भीती कॅफेतल्या लांब टेबलानं पुरवली. तिथे रोज सकाळी निवृत्त शेतकरी पातळ कॉफी पीत बसतात आणि कुणालाही, कशाहीबद्दल, न विचारता सांगतात.

"रबरी विजारीवर पट्टा आवळून बांध बरं का," एडविन मो म्हणाला. "नाहीतर पडलास की आत पाणी भरणार आणि तू दगडासारखा तळाला."

"पट्टा आवळला तर आत हवा राहते," त्याचा भाऊ क्लिफर्ड म्हणाला. "मग पाय वर आणि डोकं खाली. आमचा एक चुलतभाऊ तसाच वाहत गेला."

"मग काय करू?"

दोघांनी विचार केला. "पडू नकोस," एडविन म्हणाला.

पण खरी भीती पाण्याची नव्हतीच, ती पाल्मर टेस्डालची होती. पाल्मर आणि आमचे सासरेबुवा एके काळी एका ताटातले. मग एका वसंतात मासे धरून परतताना सासरेबुवांनी पाल्मरच्या कुरणाचं फाटक उघडं टाकलं आणि त्याच्या कालवडी हमरस्त्यावर गेल्या. असं पाल्मर म्हणतो. सासरेबुवा म्हणतात फाटक लावलं होतं, पण त्याची कडी पाल्मरच्या बुद्धीसारखी सैल होती. तेव्हापासून दोघं एका चर्चमध्ये दोन टोकांना बसतात आणि एकमेकांच्या दिशेनं गातसुद्धा नाहीत. पाल्मरनं कुरणभर पाट्या लावल्या. लोकेनच्या घरातलं मांजर जरी आत आलं तरी तो पोलीस डेप्युटीला बोलावतो.

"काठ त्याचा आहे," एडविननं समजावलं, "पण पाणी त्याच्या बापाचं नाही. वाहतं पाणी सगळ्यांचं. पुलावरून खाली उतर आणि पाण्यात राहा. जोवर तुझे पाय ओले आहेत तोवर कुणी तुला हात लावू शकत नाही. कोरड्यावर एक पाय टाकलास, की तू घुसखोर."

आमच्या राज्यात हे खरोखरच असं आहे. आमची मुलं प्रार्थनेच्या आधी हे शिकतात: पाय ओले ठेवायचे.

शनिवारी सकाळी मी पुलाखालून उतरलो. पट्टा निम्मा आवळला होता, म्हणजे दोघा भावांचा मान राहिला. पाणी थेट डोंगराच्या पोटातून येतं, आणि त्याचं गारपण रबरातून, लोकरीतून, माझ्या सगळ्या निश्चयातून आत आलं. दोन्हीकडे डँडेलियन फुलले होते, काळ्या-पांढऱ्या गाई चरत होत्या. मी गाई मोजत नव्हतो, त्यांच्यात कुणाला कास नाही ते बघत होतो. दुधाच्या जातीचा वळू हा जगातला सगळ्यात वाईट प्राणी आहे. वाघानं मारलेल्याची फाईल माझ्याकडे एकही नाही.

खालच्या अंगाला विलोचं झाड होतं, त्याच्या मुळांपाशी काळाभोर डोह. मासा तिथेच. मी माशी टाकली. ती विलोला लागली. सोडवली, पुन्हा टाकली, ती माझ्याच पाठीला लागली. तेवढ्यात चारचाकी फटफटीचा आवाज आला आणि पाल्मर उतरला. घडीची खुर्ची उलगडली, काठावर नीट बसवली, थर्मास काढला.

"थर्मनचा जावई ना तू?"

"हो, पाल्मरकाका. सुप्रभात."

"पाय ओले आहेत?"

"आहेत."

"राहू देत," तो म्हणाला आणि कॉफी ओतून घेतली.

माणसानं आरडाओरडा केला तर त्याला उत्तर देता येतं. पाल्मर नुसता बसला. मी एक पाऊल सरकलो की त्याची नजर एक पाऊल सरकायची. मी ठरवलं, मासा गेला खड्ड्यात, गुपचूप पुलाकडे परतावं. मागे वळलो तर मफिन पाण्यात उभा.

मफिन हे त्या वळूचं नाव. तो वासरू असताना पाल्मरच्या नातीनं ठेवलेलं. आता त्याची मान आमच्या फ्रीजएवढी होती. गाई पुलाखाली पाणी प्यायला उतरल्या होत्या, त्यांच्यामागून हा आला आणि ओढ्याच्या मधोमध ठाण मांडून माझ्याकडे बघायला लागला. समोरच्या काठावर उभी निसरडी माती आणि वर विजेची तार. खाली डोह. आणि कायद्यानं बघायचं तर मफिनचेही पाय ओले होते, त्यालाही तिथून कुणी हलवू शकत नव्हतं.

"पाल्मरकाका, त्याला जरा बोलवा ना!"

"तो माझं ऐकत नाही."

"मग मी क्षणभर काठावर येऊ?"

"तुझी मर्जी. डेप्युटीचा नंबर लावूनच ठेवलाय."

विमा कंपनीचा माणूस घुसखोरीत पकडला गेला तर त्याच्या नोकरीचं काय होतं, याची फाईल माझ्याकडे नव्हती, कारण आजवर कुणी इतका मूर्खपणा केला नव्हता. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो. पायांची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

आमच्याकडे पुलावर एक गाडी थांबली की दुसरी थांबतेच. आधी एडविन आणि क्लिफर्ड आले. मग व्हर्ना पंप बंद करून आली. मग आर्डिसबाई. कठड्यावर कोपरं टेकून सगळे खाली बघू लागले.

"हलू नकोस, लेलंड!"

"हल, हळूहळू हल!"

"त्याच्या डोळ्यांत बघू नकोस!"

"डोळ्यांतच बघ, नाहीतर त्याला वाटेल तू घाबरलायस!"

"मी घाबरलोच आहे!" मी ओरडलो.

"वेगळंच आहे," आर्डिसबाई म्हणाल्या.

यांच्यातल्याच कुणीतरी शुश्रूषागृहात फोन केला असणार. कारण थोड्या वेळानं आमची गाडी आली, सॉल्वेग उतरली, तिनं मागून चाकांची खुर्ची काढली आणि सासरेबुवांना त्यात बसवून कठड्यापाशी आणलं. विमेवाले वळूपुढे उभे आहेत हे कळल्यावर ते म्हणे कोट मागायला लागले होते.

मी त्यांना गेले कित्येक आठवडे पडदे ओढलेल्या खोलीतच बघत होतो. उन्हात पहिल्यांदा बघितलं. टोपी कानांवर आली होती, कॉलरमधून मान काडीसारखी निघाली होती, ब्लँकेटवरचे हात कुणा दुसऱ्याचेच वाटत होते. मी मफिनला विसरलो. मला फार भीती वाटली, आणि तिच्यापुढे वळू, डोह, डेप्युटी सगळं फालतू वाटलं. हा माणूस जाणार आहे, आणि मला साधा एक मासा धरता येत नाही.

"विमेवाले!" आवाज बारीक होता पण पोचला. "कुठली माशी बांधलीत?"

"तपकिरी, बाबा!"

"भर उन्हात तपकिरी? कुणी सांगितली? टाका, डावीकडे टाका!"

मी टाकली. ती उजवीकडे गेली.

"अहो, ती उजवी बाजू! डावीकडे!"

खुर्चीतून पाल्मरनं घसा साफ केला. "सॉल्वेग," तो पुलाकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, मासा उजवीकडेच बसतो. मुळाखाली. पोरानं चुकून बरोबर टाकली."

"सॉल्वेग," सासरेबुवा म्हणाले, "त्या खुर्चीतल्या माणसाला सांग, आपल्या वळूला आवर म्हणावं आधी. पाणी गढूळ करून ठेवलंय."

"बाई, त्याला सांग, वळू कुंपणात आहे. आमच्याकडे फाटकं लावतात."

"आणि कड्यांचं काय म्हणावं? कड्या बसवल्या का यंदा तरी?"

"पाल्मरकाका, बाबा विचारतात..." सॉल्वेगनं सुरुवात केली, पण तिला कुणी पुरं करू दिलं नाही.

"उजवीकडे!" सासरेबुवा खुर्चीत पुढे झुकले. "उजवीकडे सकाळची सावली असते का रे, पाल्मर? ट्राउट काय उन्हं खायला आलाय?"

क्लिफर्डनं टोपी काढली. इतक्या वर्षांनंतर थेट नावानं. पाल्मरचा कप ओठांपाशीच थांबला.

"थर्मन," तो म्हणाला, "तुला मासे धरायला शिकवलं कुणी? मी!"

मग जे जुंपलं ते सगळं सांगत बसत नाही. मधेच पाल्मरची बायको हिल्मा घरातून ट्रे घेऊन पुलावर आली. लोक जमले म्हणजे खायला द्यायचं, मग ते लग्न असो की वळू. लोण्याच्या बनमध्ये हॅम. ती सासरेबुवांपुढे वाकली.

"थर्मन, घे ना."

"नको, नको."

"घे रे, केलेत."

"उगीच कशाला त्रास."

"अर्धा तरी घे."

"बरं, तू म्हणतेस तर."

आमच्याकडे दोनदा नको म्हटल्याशिवाय कुणी काही घेत नाही, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सासरेबुवांनी बन घेतला, त्यानं पाल्मरकडे रोखून दाखवलं, "सावली!" म्हणाले आणि एक घास तोडला. चावला, गिळला. "आणि त्या साली मोठा मासा कुणी धरला होता?" दुसरा घास. सॉल्वेगनं कठडा घट्ट धरला. तिनं एडविनकडे बघितलं, एडविननं व्हर्नाकडे, आणि मग सगळा पूल एकदम गाईंकडे बघायला लागला. कुणी 'अरे वा, जेवताय की' म्हटलं असतं तर म्हातारा तिथेच थांबला असता. आर्डिसबाईंनी तर तोंडावर हातच ठेवला.

सॉल्वेगनं माझ्याकडे बघितलं. ती ओठांनी, आवाज न करता, एकच गोष्ट सांगत होती: चुकीचं टाक.

मी टाकली, जन्मात टाकली नसेल इतकी वाईट. माशी मफिनच्या पाठीवरून गेली.

"उफ्फ दा!" सासरेबुवा कळवळले आणि घास घेतला. "मनगट! मनगट वापरा!"

मी विलोत टाकली. मी स्वतःच्या कोपरात टाकली. दोरीचं असं जाळं केलं की पाल्मरनंही डोळे झाकले. "बघ, बघ तुझा जावई!" "माझा जावई तुझ्या वळूपेक्षा बरा!" अर्ध्या बनचा सबंध बन झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझा गबाळेपणा कुणाच्या तरी उपयोगी पडत होता, आणि मी तो जीव तोडून करत होतो.

आणि तेवढ्यात मासा लागला.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी माशी मफिनला चुकवून मागे फेकली होती, ती वाहत डोहात गेली, आणि काठी एकदम हातातून निघून जायला लागली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की नको, आत्ता नको, भांडण थांबेल! मी किंचाळलो. किंचाळल्यावर मफिननं मान खाली घातली आणि एक पाऊल माझ्याकडे टाकलं. मी एक पाऊल मागे गेलो. मागे डोह होता.

एडविन आणि क्लिफर्ड दोघंही बरोबर होते, हे मला त्या क्षणी कळलं. पट्टा निम्मा आवळल्यामुळे आधी गळ्यापासून पाणी आत भरलं आणि मग पायांतली हवा वर आली. माझं डोकं खाली गेलं आणि दोन्ही बूट आकाशाकडे तोंड करून पाण्याबाहेर आले. पाण्याखाली शांतता होती, आणि मला माझी फाईल स्पष्ट दिसली, माझ्याच अक्षरातली. मग कुणीतरी विजारीचा पट्टा धरून मला हिसडा दिला.

पाल्मर होता. पायातल्या बुटांनिशी छातीभर पाण्यात. त्यानं मला ओढत नेऊन आपल्या काठावर टाकलं, टेस्डालच्या गवतावर, कोरड्यात. मी खोकत, लटपटत पहिलं वाक्य बोललो, "माझे पाय..."

"दोन्ही पाय हवेत होते," पाल्मर धापा टाकत म्हणाला. "डेप्युटीला काय सांगू तेच कळेना." तो धपकन खाली बसला. "आजचं धरत नाही."

पुलावरून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सॉल्वेग "लेलंड!" म्हणून ओरडली तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी हात हलवला तेव्हा कळलं की काठी अजून हातात आहे. आणि दोरीच्या टोकाला मासा. पाल्मरनं तो उथळ पाण्यात आणला, ओंजळीत धरून पुलाकडे वर केला. सोनेरी पोट, लाल ठिपके, कोपरापर्यंत लांब. अख्खं टेबल जेवेल असा.

सासरेबुवा कठड्यावरून वाकून बघत राहिले. हनुवटीला लोणी लागलं होतं.

"लहान आहे," ते म्हणाले. "सोड."

"बाबा!" मी थरथरत म्हणालो. "हा लहान? अहो, याच्यासाठी मी..."

"सोडा म्हणतो ना. आणि हा उजवीकडचा. डावीकडचा मोठा आहे. पुढच्या शनिवारी येऊ. मीच येतो, तुमच्यानं काही व्हायचं नाही. तुम्ही नुसती खुर्ची ढकला."

पुढच्या शनिवारी. गेले कित्येक दिवस या माणसानं उद्याचंसुद्धा नाव काढलं नव्हतं. सॉल्वेगनं तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आर्डिसबाईंनी काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला.

पाल्मरनं मासा पाण्यात सोडला आणि तो गेला तिकडे बघत बसला. "फाटकातून आण त्याला," तो मला म्हणाला, अगदी हळू. "खुर्ची पुलाखालून कशी उतरवशील? फक्त लावून घे येताना."

"कडी सैल आहे म्हणावं!" वरून आवाज आला. म्हाताऱ्याचे कान शाबूत होते.

हिल्मा ट्रे उचलून घराकडे निघाली होती. कुणी काही विचारलं नव्हतं, तिनं पुढे केलं नव्हतं, एकदाही नाही. आणि पुढे न केलेलं आपणहून मागणं आमच्या खोऱ्यात कुणी करत नाही, मी तरी जन्मात ऐकलेलं नाही.

"हिल्मा," सासरेबुवांनी हाक मारली, "आणखी एक आहे का गं?"

मी गवतात पडून दातांवर दात वाजवत होतो. मफिन पाण्यात तसाच उभा होता, चारी पाय ओले, आणि माझ्याकडेच बघत होता. पुढच्या शनिवारी त्याच्या कुरणातून, फाटकातून, खुर्ची ढकलत यायचं होतं. मला आत्तापासूनच धडकी भरली होती. मी म्हणालो, "येतो, बाबा."